आधी पाणी विचारा, मग रेट

मंडळी, आज जरा लांबलचक लिहितोय. विषय आपल्या कुंडलिकेचा आहे आणि आपल्यापैकी बऱ्याच घरांची चूल त्यावर पेटते, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

मी कोलाड पट्ट्यात राहतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन ठरलेले. "अरे, आम्ही पंधरा जण येतोय राफ्टिंगला, कुठं बुकिंग करू?" मग प्रश्न सुरू होतात. माणशी रेट काय? जेवण धरून का? नॉनव्हेज आहे का? व्हिडिओ काढून देतात का? ग्रुपला डिस्काउंट किती? टेंट नदीला लागून आहे का?

या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. त्या दिवशी नदीत पाणी किती असणार, कधी येणार आणि कोण सोडणार?

डोंगरी नदीवरच्या सहलीचं सगळं नियोजन खरं तर या एका प्रश्नापासून सुरू होतं. बाकी सगळं नंतर. आणि कुंडलिकेवर तर हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा आहे. का, ते सांगतो.

ही नदी चालू-बंद होते

बाहेरच्यांना हे माहीत नसतं, आणि इथल्या नव्या पोरांपैकीही अनेकांना नीट माहीत नाही. मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांचे नुसते धोंडे दिसतात, तेव्हा कुंडलिकेत राफ्टिंग कसं चालतं? कारण ते पाणी मुळात आपल्या बाजूचं नाही. ते घाटावरचं आहे.

घाटमाथ्यावर मुळा आणि निळा नद्यांच्या पाण्यावर मुळशीचं धरण आहे. धरण होऊ नये म्हणून १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, तेच हे धरण. ते पाणी निसर्गानं जायचं पूर्वेला, मुळा-मुठेतून भीमेला आणि पुढं कृष्णेतून बंगालच्या उपसागराला. ते अडवून पश्चिमेला वळवलं, सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटरच्या आसपास खाली आणलं आणि त्यावर भिऱ्याचं वीजघर उभं राहिलं. साल १९२७. वीज तयार झाल्यावर ते पाणी कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरतं, पुढं रवाळज्याला अडवलं जातं आणि तिथून ठरावीक वेळी खाली सुटतं. ते सुटलं की साजे ते कामत या बारा-चौदा किलोमीटरच्या पट्ट्यात राफ्ट चालतात. पुढं खालच्या अंगाला डोलवहालचा बंधारा आणि शेवटी रेवदंड्याची खाडी.

थोडक्यात काय, तर पावसाळा सोडला तर आपली कुंडलिका वीजघराच्या वेळापत्रकावर चालते. पहाटे गुडघाभर पाण्यात धोंड्यावरून धोंड्यावर उड्या मारत पलीकडे जाता येतं, आणि पाणी सुटल्यावर त्याच जागी डोक्यावरून पाणी वाहतं. आभाळात एक ढग नसतो, पाऊस नसतो, काही नसतं. तरीही नदी चढते.

ज्याला हे कळलं त्याला सुरक्षित सहल म्हणजे काय हे निम्मं कळलं. ज्याला नाही कळलं, तो सकाळी कोरड्या कातळावर चादर पसरून पोह्यांच्या डिश मांडतो आणि लेकरांना "जा, पाण्यात खेळा" म्हणतो.

मी घाबरवत नाहीये. हिमाचलमध्ये काय झालं ते आठवा. ८ जून २०१४. मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं सहलीला आलेली. फोटो काढायला खडकांवर उतरली. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पाच्या धरणातून पाणी सोडलं गेलं. २४ विद्यार्थी आणि सोबतचा सहलीचा माणूस वाहून गेला. त्यातलं कुणीही राफ्टिंगला गेलेलं नव्हतं. कुणी पोहतही नव्हतं. ते नुसते पात्रात उभे होते.

म्हणून पहिली गोष्ट: धरणाखालच्या नदीचं कोरडं पात्र ही बसायची जागा नाही. फोटो काठावरून काढा. मुलांना काठावर ठेवा. तंबू पात्रात, वाळूत, कातळावर लावून देत असतील तर तिथं झोपू नका, भलेही तिथून व्ह्यू कितीही भारी दिसो.

वेळ पाण्याची, तुमची नाही

दुसरी गोष्ट वेळेची. पाणी साधारणपणे सकाळी सुटतं आणि त्या पाण्याबरोबरच राफ्ट खाली येतात. त्यामुळे सहल आखताना उलटं मोजा. पाणी कधी, त्याच्या आधी साज्याला पोचायचं कधी, तयारी आणि सूचनांना वेळ किती, आणि त्या हिशेबानं घरून निघायचं कधी.

होतं काय, तर शनिवारी पहाटे दोनला निघालेली मंडळी महामार्गावर अडकतात. (आपल्या मुंबई-गोवा महामार्गानं कोलाडपर्यंत धड पोचणं हेच मोठं साहस, ते वेगळं.) उशिरा पोचतात आणि मग हट्ट सुरू होतो, "आम्हाला आजच करायचंय, घाई करा." घाईत जे कापलं जातं ते जेवण नसतं आणि फोटोही नसतात. कापल्या जातात त्या सूचना. पंधरा मिनिटांच्या सूचना तीन मिनिटांत उरकतात. जॅकेटचे पट्टे स्वतःच बांधा म्हणतात.

उशीर झाला तर त्या दिवशीची राफ्टिंग सोडा. दुसऱ्या दिवशी जा. शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच या, रात्री नीट झोपा आणि सकाळी ताजेतवाने नदीवर या.

आणि झोपा म्हणजे झोपाच. शनिवारी रात्री कॅम्पवर काय चालतं ते आपण सगळे जाणतो. स्पीकरचा आवाज पार पलीकडच्या वाडीत जातो. रात्री दोनपर्यंत प्यायलेला माणूस सकाळी सातला लाल डोळ्यांनी राफ्टमध्ये बसतो, तेव्हा तो एकटा धोक्यात नसतो. राफ्ट सगळ्यांच्या वल्ह्यांवर चालते. गाइडनं "फॉरवर्ड" म्हटल्यावर एका बाजूचे दोघे झिंगेत नुसते बसून राहिले, तर राफ्ट आडवी होऊन खडकावर जाते आणि शेजारचा न प्यायलेला माणूस पाण्यात पडतो. अशा माणसाला काठावर बसवणाऱ्या गाइडशी भांडू नका. त्याचे आभार माना.

पावसाळ्यातली नदी वेगळी

आता जरा कडू बोलतो, कारण यावर आपल्याकडच्या काही मंडळींना राग येणार आहे.

इतर आठ महिने नदीत किती पाणी येणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. जून ते सप्टेंबर ते ठरलेलं नसतं. वरून सोडलेलं पाणी, त्यात ताम्हिणी-भिऱ्याच्या डोंगरातला पाऊस, आणि दोन्ही काठांनी येणारे ओढे-वहाळ. कोलाड नाक्यावर ऊन पडलेलं असतं आणि घाटात ढग फुटल्यासारखा कोसळत असतो. घाटातला पाऊस खाली यायला फार वेळ घेत नाही.

लोक म्हणतात, पाणी जास्त म्हणजे मजा जास्त. इथं एक साधं गणित लक्षात ठेवा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का दुप्पट होत नाही, चौपट होतो. पाणी गढूळ झालं की खालचा खडक दिसत नाही. काठ बुडाले की राफ्ट लावायच्या नेहमीच्या जागा गायब होतात. आणि पुरात झाडं वाहून येतात. आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. वरून पाण्याचा रेटा चालूच राहतो. नदीवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, मोठ्या लाटेपेक्षा ते अशा झाडाला जास्त घाबरतात.

रॅपिडला दर्जा देतात, एक ते सहा. एक म्हणजे संथ, सहा म्हणजे जवळजवळ अशक्य. आपली कुंडलिका नेहमीच्या पाण्याला दोन-तीनची आहे. नवख्यांसाठी ठीक. पण हा दर्जा नेहमीच्या पाण्याचा आहे. पुरातल्या कुंडलिकेला तो आकडा लागू नाही. जाहिरातीत मात्र बारा महिने तोच आकडा छापलेला असतो.

ऋषिकेशला गंगेवरचं राफ्टिंग दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतं. तिथं राफ्टिंगवर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त घरं चालतात, तरीही बंद असतं. मी आपल्याकडेही सरसकट चार महिने बंद करा असं म्हणत नाही. आपली नदी वेगळी आहे आणि उघडिपीचे दिवसही असतात. पण हवामान खात्यानं रायगडला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला की त्या दिवशी नदीवर कुणीही जाणार नाही, एवढी लक्ष्मणरेषा आपली आपण आखायला काय हरकत आहे? कलेक्टर साहेबांच्या आदेशाची वाट कशाला बघायची?

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेला व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. पाणी वाढायला लागल्यावर माणसाच्या हातात किती थोडा वेळ असतो हे त्या व्हिडिओत दिसतं. यापेक्षा वेगळा धडा कशाला हवा?

पैसे परत देण्याचा नियम हाही सुरक्षेचाच नियम

माझ्या मते या सगळ्यातला कळीचा मुद्दा हा आहे, आणि यावर कुणी बोलत नाही.

समजा पंधरा जणांच्या ग्रुपनं आगाऊ पैसे भरलेत. पावतीवर लिहिलंय की पैसे परत मिळणार नाहीत. सकाळी पाणी चढलेलं आहे. आता ग्रुपला वाटतं, पैसे तर गेलेच, निदान राफ्टिंग तरी करू. मालकाला वाटतं, नाही म्हटलं तर भांडण होईल, इंटरनेटवर एक स्टार देतील. आणि गाइडला वाटतं, आज राफ्ट नाही उतरली तर आजची मजुरी गेली. म्हणजे काठावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या खिशाचा दबाव एकाच दिशेला आहे, पाण्याच्या दिशेला. "आज नको" म्हणण्यात कुणाचाच फायदा नाही.

अशा वेळी सुरक्षा नुसत्या चांगुलपणावर सोडायची का? त्यापेक्षा व्यवहारच असा ठेवा की "आज नको" म्हणणं कुणाला महागात पडणार नाही. पाण्यामुळे किंवा हवामानामुळे रद्द झालं तर ग्राहकाला तारीख बदलून मिळावी किंवा पैसे परत मिळावेत. आणि गाइडला त्या दिवशीची मजुरी, पूर्ण नाही तर निदान अर्धी, मिळावी. तो सकाळी सहाला नदीवर आलाय, पाणी बघून त्यानं निर्णय दिलाय. हे त्याचं कामच आहे. उलट वर्षभरातलं त्याचं सगळ्यात मोलाचं काम कदाचित तेच असेल.

गाहक म्हणून तुम्ही बुकिंगच्या वेळी एकच प्रश्न विचारा: "पाण्यामुळे तुम्ही रद्द केलं तर पैशाचं काय?" उत्तर काय मिळतं, कसं मिळतं, त्यावरून तुम्हाला त्या माणसाची पारख होईल.

काठावर काय बघायचं

आता प्रत्यक्ष नदीवर पोचल्यावरचं. हे बाहेरून येणाऱ्यांसाठी, आणि आपल्या पाहुण्यांना पाठवायलाही उपयोगी पडेल.

लाइफ जॅकेट: अंगात घालून सगळे पट्टे आवळा. मग शेजाऱ्याला दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात तुमच्या डोक्यावरून निघून जाणार. बदलून मागा. फाटकं, बकल तुटलेलं, दोरीनं बांधलेलं जॅकेट घेऊ नका. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, मग कितीही आवळा.

हेल्मेट: हनुवटीखालचा पट्टा लागलाच पाहिजे. फोटोसाठी काढायचं नाही. आपल्या नदीत लाटेपेक्षा खडक जास्त आहेत.

कपडे: साडी, ओढणी, जीन्स नको. पायात मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट. स्लिपर पहिल्याच लाटेत जाते आणि मग अनवाणी खडकावर. चष्म्याला दोरी बांधा. अंगठ्या, साखळ्या घरी ठेवा.

तब्येत: हृदयाचा त्रास, फिट येणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, निखळणारा खांदा, हे लपवू नका. फॉर्मवर नुसती सही ठोकू नका. पोहता येत नसेल तर तेही आधी सांगा. पोहता न येणारे राफ्टिंग करू शकतात, पण गाइडला माहीत हवं की कोण कुठं बसलंय.

सूचना: गाइड बोलत असताना मोबाइल बाजूला. चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, नाही सांगितल्या तर विचारा.

एक, पाण्यात पडलो तर काय? पाठीवर आडवं व्हायचं, पाय पुढं, प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्याच्या वर. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दोन धोंड्यांत अडकला की प्रवाह माणसाला पुढं पाडतो आणि कमरेएवढ्या पाण्यातही तोंड वर येत नाही. पोहणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

दोन, दोरी फेकली तर काय? दोरी पकडायची, छातीशी धरायची, खांद्यावरून घ्यायची आणि पाठीवर राहायचं. हाताला गुंडाळायची नाही. कधीच नाही.

तीन, राफ्ट उलटली तर काय? बाहेरची दोरी धरा आणि राफ्टच्या वरच्या अंगाला राहा. राफ्ट आणि खडक यांच्या मधे सापडू नका.

चार, वल्हं कसं धरायचं? वरच्या मुठीवरचा हात सुटता कामा नये. राफ्टमध्ये दात पडतात ते शेजाऱ्याच्या वल्ह्यामुळे.

आणि राफ्ट एकटी नको. किमान दोन राफ्ट एकत्र, किंवा सोबत बचावासाठी कयाक. पहिली उलटली तर दुसरी उचलेल. प्रत्येक राफ्टमध्ये फेकायच्या दोरीची पिशवी आहे का, प्रथमोपचाराची पेटी आहे का, हे डोळ्यांनी बघा.

संथ पाण्यात शेवटी सगळ्यांना उडी मारायला सांगतात. ती सक्ती नाही. घरातल्या माणसाला "काय घाबरतोस" म्हणून ढकलू नका. आणि कुठल्याही नदीवर बंधाऱ्याच्या सांडव्याजवळ जाऊ नका. वरून तो गुळगुळीत, साधा दिसतो, पण खाली पडणारं पाणी माणसाला परत भिंतीकडे ओढतं आणि फिरवत ठेवतं. भलेभले पोहणारे त्यातून सुटत नाहीत.

कागद विचारायला लाजू नका

महाराष्ट्राचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं. जमिनीवरचे, हवेतले आणि पाण्यातले असे सगळे साहसी खेळ घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी असं त्यात आहे. तेव्हा बुकिंग करताना नोंदणी आहे का, गाइडनं बचावाचं प्रशिक्षण कुठं घेतलंय, विमा आहे का, हे विचारा. जो नीट काम करतो तो हे आनंदानं दाखवतो. त्याचा खर्च त्यावरच झालेला असतो, म्हणून त्याचा रेट दोनशे-तीनशे जास्त असतो. तुम्ही घासाघीस करून ते दोनशे रुपये वाचवता, तेव्हा ते मालकाच्या नफ्यातून कमी होतातच असं नाही. जुनं जॅकेट आणखी एक वर्ष चालवलं जातं, किंवा एक बचाव कयाक कमी होते.

आपल्या पोरांबद्दलही एक बोलतो. साजे, कामत, रवाळजे, सुतारवाडी या भागातली पोरं नदी तळहातासारखी ओळखतात. कुठल्या धोंड्याला पाणी लागलं की किती पाणी आलंय, हे ती काठावरून सांगतात. हे ज्ञान कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. पण नदी ओळखणं आणि बुडणाऱ्या माणसाला वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोरी फेकण्याचा सराव, छातीवर दाब देऊन श्वास सुरू करणं, पाठीचा मणका दुखावलेल्या माणसाला उचलणं, हे शिकावंच लागतं आणि दरवर्षी घोकावं लागतं. पोरांनो, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट हा तुमचा मान आहे. उद्या दुसऱ्या नदीवर, दुसऱ्या राज्यात काम मिळालं तर तोच कागद कामी येईल.

नदी फक्त पर्यटकांची नाही

आणि शेवटचा मुद्दा, जो माझ्यासाठी सगळ्यात मोठा आहे.

पर्यटकाला पाण्याची वेळ निदान फोनवर विचारता तरी येते. काठावर मासे धरणाऱ्या कातकरी बाईला कोण सांगणार? धुणं घेऊन गेलेल्या मावशीला, म्हशी पाण्यात घातलेल्या पोराला? नेहमीची वेळ त्यांना अंगवळणी पडलेली असते, खरं आहे. धोका असतो तो वेळ बदलली त्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी, दुरुस्तीच्या दिवशी, वीज जास्त लागली त्या दिवशी. जी माणसं नदीचं सगळ्यात जास्त ऐकतात, त्यांच्यापर्यंत बातमी सगळ्यात शेवटी पोचते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, फार पैशाच्या नाहीत.

पाणी सोडायची उद्याची वेळ आदल्या संध्याकाळी काठावरच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला कळावी आणि पंचायतीनं ती गावाच्या ग्रुपवर टाकावी. वेळ बदलली तर वाडीवर माणूस पाठवावा, कारण सगळ्यांकडे मोबाइल नाही.

पात्रात उतरायच्या प्रत्येक वाटेवर मराठीत, ठळक अक्षरात बोर्ड असावा: वरून पाणी सोडलं जातं, पात्रात थांबू नका. भोंगा वाजला की किती मिनिटांत वर यायचं, हेही त्यावर असावं.

राफ्टिंगवाल्यांनी, पंचायतींनी आणि पोलिसांनी मिळून साजे ते कामत नदीपर्यंत गाडी कुठंकुठं उतरते त्या जागांना नंबर द्यावेत. अपघात झाला तर १०८ ला "चार नंबरला या" एवढं सांगता आलं पाहिजे. रोह्याचं आणि माणगावचं उपजिल्हा रुग्णालय गाठायला वेळ लागतो, नदीत रेंज मिळेलच असं नाही. त्यात "त्या वडाच्या पलीकडच्या वळणावर" असा पत्ता देत बसायला वेळ नसतो.

काही जण म्हणतील, एवढे नियम केले तर गिऱ्हाईक पळेल. मी म्हणतो, गिऱ्हाईक कशानं पळतं ते उत्तराखंडला विचारा. जून २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं नियम-कायदे होईपर्यंत राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग बंद करायचा आदेश दिला. नीट काम करणारे आणि न करणारे, सगळेच एका दिवसात घरी बसले. आपल्याकडे तशी वेळ आली तर बाहेरचा मालक पैसे दुसरीकडे गुंतवेल. पण इथला गाइड, स्वयंपाक करणारी ताई, जीप चालवणारा दादा, भाजी देणारी आजी, यांनी जायचं कुठं?

मुळशीच्या लोकांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या, आणि शंभर वर्षांनंतर त्याच पाण्यावर आपल्या चार गावांना रोजगार मिळालाय. तो जपायचा असेल तर त्या पाण्याची वेळ सगळ्यांना कळली पाहिजे, काठावरच्या कातकरी वाडीपासून मुंबईच्या पर्यटकापर्यंत.

तेव्हा येणाऱ्यांनो, जरूर या. कुंडलिका सुंदर आहे, पोरं जीव लावून नेतात, सकाळचं ते गार पाणी अंगावर घ्यायलाच हवं. फक्त फोन केल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा विचारा, रेटचा नंतर.

आणि गाववाल्यांनो, पुढच्या ग्रामसभेत हा बोर्डाचा आणि वेळेच्या निरोपाचा विषय मी मांडणार आहे. हात वर करायला या. पटलं असेल तर ही पोस्ट आपल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना पाठवा. नसेल पटलं तर नाक्यावर भेटा, चहा माझ्याकडून, भांडू.